लातूरच्या ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार विनंती विशेष.

आपले फोनवर बोलणे होतच असते, आणि आभाराचे दोन शब्द मी तेथेही म्हणू शकले असते. तरी हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे, कारण आपण माझ्या मुलीसाठी नेमके काय केले हे आपल्या मराठवाड्यातल्या इतर आईवडिलांनाही कळावे असे मला मनापासून वाटते. आपले नाव कोठेही येऊ नये ही आपली अट मी पाळली आहे, आणि त्याच न्यायाने मुलीचेही नाव घेत नाही. आपल्याला ओळखणारे दोन ओळींतच ओळखतील, याला माझा इलाज नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निओपेट्स हा इंटरनेटवरचा पाळीव प्राण्यांचा खेळ आहे. ॲडम पॉवेल आणि डॉना विल्यम्स या दोघांनी तो १५ नोव्हेंबर १९९९ रोजी सुरू केला. निओपिया नावाच्या कल्पित जगात आपण एखादा प्राणी घ्यायचा, त्याला नाव द्यायचे, खाऊ घालायचे, आजारी पडला तर औषध द्यायचे, आणि त्यासाठी लागणारे निओपॉइंट्स छोटे खेळ खेळून किंवा दुकान मांडून कमवायचे. बारावीच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहिलेल्या मुलींपैकी आपण एक होतात, आणि रविवारी नेट कॅफेत तासाचे पैसे भरून आपण हा खेळ सुरू केलात, हे आपणच मला सांगितले आहे. त्यानंतर खेळाची मालकी २००५ मध्ये वायाकॉमकडे गेली, २०१४ मध्ये जम्पस्टार्टकडे गेली, आणि २०२३ मध्ये खेळ चालवणाऱ्या मंडळींनी स्वतंत्र कंपनी काढली. मधल्या काळात, २०२० च्या अखेरीस, फ्लॅश नावाचे सॉफ्टवेअर बंद झाले आणि त्याच्या आधारावर उभे असलेले कितीतरी छोटे खेळ एकदम ठप्प झाले. एवढ्या उलथापालथीत खेळणारी माणसे मात्र टिकून राहिली. वस्तूंच्या किमतींची नोंद ठेवणे, नव्या माणसाला वाट दाखवणे, बंद पडलेले पुन्हा चालते का ते पाहणे, ही कामे ती विनामोबदला करत आली, आणि त्या माणसांपैकी एक आमच्या वाट्याला आली हे आमचे भाग्य.

माझ्या नणंदेने मुलीची आपल्याशी ओळख करून दिली तेव्हा ती नुकतीच नववीत गेली होती. आपण पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला फोन. मुलीशी एक शब्दही बोलण्याआधी आपण माझी परवानगी मागितलीत, आपण कोण, काय करता, हे स्वतःहून सांगितलेत, आणि पुढे जे काही लिहाल ते माझ्या डोळ्यांखालून जाईल अशी सोय करून घेतलीत. ओळखपाळख नसलेल्या माणसाने पोरीशी इंटरनेटवर बोलावे याची धास्ती कोणत्या आईला वाटत नाही? ती धास्ती आपण बोलून नव्हे, वागण्याने घालवलीत. आजही मुलीला निओमेल, म्हणजे खेळातला निरोप, पाठवलात की मला वेगळा निरोप येतो. मी हे कधी मागितले नव्हते.

त्याच पहिल्या आठवड्यात आपण तिला तीन गोष्टी बजावल्या होत्या: पासवर्ड मैत्रिणीलाही द्यायचा नाही, प्राण्याचा रंग बदलणारा पेंटब्रश फुकट देतो म्हणणाऱ्याच्या दुव्यावर बोट ठेवायचे नाही, आणि वस्तू उसनी मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचे. पुढे खरोखरच कोणीतरी तिला रंगवलेला प्राणी देतो असे सांगून खात्याची माहिती मागितली, तेव्हा तिने तो निरोप न उत्तरता मला आणून दाखवला. मी त्या क्षणी आपल्याला मनोमन हात जोडले होते, ते आज लिहून कळवते.

ताई, आपल्याकडे या खेळात काय काय साठले आहे याची मला आता थोडी कल्पना आली आहे. मनात आणले असते तर आपण एका दिवसात मुलीची झोळी भरून टाकू शकला असता. आपण तसे केले नाही, आणि मी सर्वांत जास्त ऋणी आहे ती याच गोष्टीसाठी. तिच्याकडे निओपॉइंट्स नव्हते तेव्हा आपण तिला निओपियातल्या टिरॅनियाच्या पठारावरच्या भल्या मोठ्या ऑम्लेटचा पत्ता दिलात. तेथे रोज एकदा जाऊन एक तुकडा मिळतो आणि एका तुकड्यात तीन वेळचे खाणे होते. अगदीच हात रिकामा असेल तर सूप फेरी नावाची परी प्राण्याला फुकट जेवू घालते, तेथे जाण्यात कमीपणा मानू नये, हेही आपण तिला सांगितलेत. मग दुकानांची पाळी आली. खेळाडूंच्या दुकानांतले भाव शोधून देणाऱ्या शॉप विझार्डला एखादी वस्तू विचारली की तो सगळी दुकाने पाहत नाही. दुकानदारांच्या नावांच्या पहिल्या अक्षरावरून त्यांचे तेरा गट पाडलेले आहेत आणि एका वेळी एकाच गटातले भाव समोर येतात. म्हणून एकदाच विचारून घेतलेला भाव हा खरा भाव नसतो, पुन्हा पुन्हा विचारावे लागते. ही गोष्ट आपण तिला मोंढ्याचे उदाहरण देऊन पटवलीत, की एकाच आडत्याकडे चौकशी करून कोणी सोयाबीन घालते का? तिचे आजोबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी खेळातले बाकी काही समजून घेतले नाही, पण एवढे ऐकून मान डोलावली.

मी येथे सेलूत एका पतसंस्थेत नोकरी करते, त्यामुळे माझे लक्ष साहजिकच निओपियाच्या बँकेकडे गेले. तेथे ठेव वाढेल तसा खात्याचा प्रकार बदलतो, वरच्या खात्याला व्याजदर जास्त, आणि सर्वांत वरच्या खात्याला तो वर्षाला साडेबारा टक्के. मात्र व्याज आपोआप जमा होत नाही. रोज जाऊन ते स्वतः उचलावे लागते, आणि ज्या दिवशी उचलले नाही त्या दिवसाचे बुडते. आता तेथला दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने चालतो. त्यांच्या मध्यरात्री आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो, म्हणजे नेमकी शाळेची वेळ. मुलगी व्याज बुडेल म्हणून कासावीस होत असे आणि शाळेत फोन नेऊ द्या म्हणून माझ्यामागे लागली होती. आपण वहीच्या पानावर दोन्ही घड्याळे शेजारी शेजारी काढून त्याचा फोटो पाठवलात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर उचलले तरी ते त्याच निओपियन दिवसात मोडते हे तिला दाखवून दिलेत. फोनचा हट्ट त्या दिवशी संपला. ते पान अजून तिच्या टेबलासमोर चिकटवलेले आहे. आपले अक्षर सुरेख आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

अतिवृष्टीच्या दिवसांत आमच्याकडे वीज गेली, टॉवर बंद पडला आणि कोणाचाच फोन लागेना. घरात पाणी शिरण्याची भीती, रानातल्या पिकाची काळजी, आणि अशात मुलगी तिच्या काचीकच्या, म्हणजे खेळातल्या तिच्या प्राण्याच्या, उपाशी राहण्याची चिंता करत बसलेली. घरातल्या काहींना त्याचा राग आला, आणि त्या परिस्थितीत तो येणे स्वाभाविक होते. लाइन आल्यावर तिने पाहिले तर काचीकच्या नावापुढे तो मरणासन्न असल्याचा शेरा होता. पोर रडू लागली. आपल्याला फोन लागला तेव्हा आपण आधी आमच्या घराची, जनावरांची आणि पिकाची विचारपूस केलीत, आणि मगच तिला सांगितलेत की निओपेट कितीही उपाशी राहिला तरी मरत नाही, शेरा काहीही असो, दोन घास घातले की तो सावरतो. त्याच वेळी निओलॉजचीही माहिती दिलीत. पुन्हा कधी असे दिवस आले किंवा परीक्षा असली, तर प्राण्याला त्या हॉटेलात जास्तीत जास्त २८ रात्री ठेवता येते आणि तेथे त्याच्या खाण्यापिण्याची चिंता राहत नाही. सर्वांत स्वस्त कॉक्रोच टॉवर्समध्ये रात्रीचे ५ निओपॉइंट्स पडतात, म्हणजे पूर्ण मुदतीचे १४०. सहामाही परीक्षेच्या आधी तिने काचीकची तेथे सोय केली आणि पुस्तके घेऊन बसली. मी तिला अभ्यासाला बस म्हणाले नव्हते.

कौग्रा या निओपियातल्या वाघासारख्या प्राण्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. निओपियाच्या पाउंडात लोकांनी सोडून दिलेले असंख्य प्राणी असतात. आपण त्यांतले एकेक घरी आणता, नकाशाचे नऊ तुकडे जुळवून उघडलेल्या प्रयोगशाळेत रोज एकदा त्याच्यावर किरण सोडता, आणि रंग बदलून तो गोजिरवाणा झाला की स्वतःकडे न ठेवता योग्य खेळाडूच्या हवाली करता. किरणाने काय होईल हे कोणाच्याच हातात नसते. रंग बदलेल, जात बदलेल, कधी काहीच होणार नाही. एवढी मेहनत करून प्राणी दुसऱ्याला देऊन टाकायचा, ही हा खेळ खेळणाऱ्यांत बऱ्याच जणांनी जपलेली रीत आहे, आणि तिच्याविषयी मला अपार आदर वाटतो. आपल्याकडचा कौग्रा मुलीला फार आवडला होता. ओळखीच्या पोरीला तो सहज देता आला असता. आपण तिला सांगितलेत की बाकीच्यांसारखा तूही अर्ज कर, या प्राण्याचे तू काय करणार आहेस ते लिही, आणि तेही इंग्रजीत लिही, कारण इतर अर्जदार इंग्रजीत लिहितात.

मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलीने तो अर्ज लिहिला. शब्दकोश उघडून, खाडाखोड करून, रात्री जेवणानंतर आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून लिहिला. त्या कौग्राच्या नावावरून तिने त्याची एक गोष्ट रचली होती, की तो बालाघाटच्या डोंगरातून वाट चुकून निओपियात आला. पहिला अर्ज आपण परत पाठवलात. कोणते वाक्य का कळत नाही हे त्यावर लिहून पाठवलात आणि मुदत संपायच्या आत सुधारून दे म्हणालात. दुसऱ्या अर्जावर कौग्रा तिला मिळाला. अमेरिकेतल्या ज्या खेळाडूचा अर्ज मागे पडला, त्याने तिला निओमेल पाठवून गोष्ट आवडल्याचे कळवले, आणि बालाघाट कोठे आहे असे विचारले. तिने उत्तरात नकाशा काढून पाठवायचे ठरवले, पण निओमेलने चित्र जात नाही, म्हणून शब्दांत लिहिले: बीड, धाराशिव, लातूर. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते.

ताई, पोरांच्या खेळाकडे मोठ्या माणसांनी एवढ्या गांभीर्याने पाहावे, त्यात वशिला चालू देऊ नये, आणि कष्टाचे चीज होईल एवढीच काळजी घ्यावी, हे मी आजवर फार थोड्यांकडे पाहिले आहे. आपण शाळेतली नोकरी, घर आणि सासूबाईंचे आजारपण सांभाळून हे करता. त्याबद्दल मी, मुलगी आणि आमचे सारे घर आपले अंतःकरणपूर्वक आभारी आहोत.

एक विनंती आहे. पुढचे वर्ष दहावीचे. काचीक आणि कौग्रा दोघेही मार्चपर्यंत आलटून पालटून निओलॉजमध्ये राहतील असे मुलीने ठरवले आहे, पण मुदत संपली की पुन्हा नोंद करावी लागेल आणि ती तारीख परीक्षेत येऊ नये, याचे वेळापत्रक तिला आपल्याकडून तपासून हवे आहे. ते तिने सोबत लिहून दिले आहे, वेगळे पाठवते. आणि थंडीत ज्वारी भरली की हुरड्याला सेलूला जरूर या. परभणीहून गाडीने फार लांब नाही. सासूबाईंनाही घेऊन या. त्यांना रानात बसायला खाट टाकून ठेवू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली स्नेहांकित,
एका नववीतल्या खेळाडूची आई
सेलू, जि. परभणी