शिमग्याला आलेल्या ताईंचे जाहीर आभार

सप्रेम नमस्कार ताई,

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. देवगडात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

शिमग्याला चाकरमानी गावी येतो तो पालखीसाठी. तुम्ही पालखी घरी येऊन जाताच आमच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलात, त्याबद्दल हे पत्र. आमच्या बागायतदारांची हापूस विक्रीची साइट ॲमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रीजनमध्ये आहे आणि तिच्या पुढे पालो अल्टो कंपनीचा व्हीएम-सिरीज फायरवॉल आहे, म्हणजे येणारं-जाणारं ट्रॅफिक तपासणारा राखणदार. आधीच्या कंत्राटदाराने तो हाताने सेट केला, मागे कागदाचा कपटाही ठेवला नाही आणि पुढे फोन उचलणंही बंद केलं. नवा फायरवॉल चढवायचा म्हणजे एसएसएचने (दुरून कमांड देत) आत शिरा, ॲडमिनचा पासवर्ड ठरवा, मग नेटवर्कची जोडणी, म्हणजे इंटरफेस, झोन, रूट, नॅट एकेक करत भरा आणि कमिट करून लागू करा. तेवढ्यात लाइट गेली की मोबाइलची रेंजही जाते. लाइट जाणं आमच्या पाचवीलाच पुजलंय. 2021च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा तर खांबच आडवे झाले होते. असलं काम इथे बसून करायचं कसं, असं विचारल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "मशीनीक हात लावू नको, फायलीक लाव."

आणि मग फायलीच दाखवल्यात. फायरवॉल पहिल्यांदा सुरू होताना यूजर डेटा, म्हणजे मशीन उभं करताना सोबत दिलेली चिठ्ठी, वाचतो. त्यात एस-थ्री बकेटचं (ॲमेझॉनवरच्या फायलींच्या कोठाराचं) नाव मिळालं की तिथे चार फोल्डर शोधतो: कॉन्फिग, कंटेंट, लायसन्स, सॉफ्टवेअर. आत काही नसलं तरी चारही हवेतच, नाहीतर गाडी तिथेच अडते. आमचे दोन अजून रिकामेच आहेत. लायसन्समध्ये ते चालू करणारा ऑथकोड. कॉन्फिगमध्ये इनिट-सीएफजी नावाची चार-दोन ओळींची टेक्स्ट फाइल: मॅनेजमेंटचा पत्ता डीएचसीपीने आपोआप घ्यायचा की ठरवून द्यायचा, होस्टनेम काय, डीएनएस कुठला. तिच्या शेजारी बूटस्ट्रॅप डॉट एक्सएमएल, म्हणजे झोन, नियम, नॅट असा सगळा संसार. हे वाचन होतं फक्त पहिल्या बूटला, मशीन कोरं असताना. सटवाई बाळाच्या कपाळावर एकदाच लिहून जाते, तसं. नंतर बकेटमधली फाइल बदलून कितीही रीबूट करा, मशीन ढिम्म. बदल हवा तर नवं मशीन उभं करायचं. आधी हा मला आडमुठेपणा वाटला होता. आता वाटतं की त्यामुळेच फाइल आणि मशीन यांच्यात तफावत पडत नाही.

बकेटच्या परवानग्यांबाबत तुम्ही जितक्या कडक झालात तितक्या सुनेच्या बाबतीतही होणार नाही! मशीनला दिलेल्या आयएएम रोलला (ॲमेझॉनमधल्या परवानापत्राला) त्या एकाच बकेटची यादी बघायची आणि फाइल वाचायची मुभा, बाकी काही नाही. एक्सएमएलमध्ये पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) असतो, म्हणून बकेट बाहेरच्या कुणाला दिसता कामा नये.

तुमचा खरा हात दिसला तो त्यानंतर. 'शो सिस्टीम बूटस्ट्रॅप स्टेटस' ही कमांड सगळं यशस्वी म्हणत होती, नियम जागच्या जागी होते, पण ट्रॅफिक पलीकडे जाईना. मी नियम पुन्हा वाचायला घेतले. तुम्ही फायरवॉलमध्ये डोकावलातही नाही. थेट ॲमेझॉनच्या कन्सोलमध्ये जाऊन दोन्ही डेटा इंटरफेसवरचा सोर्स-डेस्टिनेशन चेक बंद केलात. जे पॅकेट (डेटाचा तुकडा) त्या मशीनसाठी नाही आणि त्या मशीनने पाठवलेलंही नाही, ते ॲमेझॉन परस्पर टाकून देतं. फायरवॉलचं काम तर दुसऱ्यांचीच पॅकेट पुढे ढकलायचं! ही गोष्ट फायरवॉलच्या कुठल्याच फाइलमध्ये लिहिता येत नाही, म्हणून तुम्ही ती मशीन उभं करणाऱ्या टेराफॉर्मच्या कोडमध्ये लिहायला लावलीत. तुम्ही टाइप केलंत असतं तर लवकर आटोपलं असतं, पण कीबोर्ड माझ्याच पुढे ठेवलात. त्याचे आभार सगळ्यात जास्त.

अक्षय्य तृतीयेच्या आधी ऑर्डरींची झुंबड उडाली तेव्हा दुसरा फायरवॉल चढवावा लागला. कमांड दिली आणि लाइट गेली. मी पेट्यांमध्ये पेंढा भरायला गेलो. लाइट आली तेव्हा तो नियमांसकट हजर होता.

घरचे म्हणतात, ताईंना पेटी पाठव. पाठवतोच आहे, रायवळ वेगळे बांधलेत. एक शंका मात्र उरलीच आहे: मशीन काढून टाकण्याआधी लायसन्स सोडवून घ्यावं लागतं, ते मी अजून हातानेच करतो. तेही फायलीत घालता येईल का? गणपतीला याल तेव्हा पडवी मोकळी ठेवतो.

तुमचा,
वाडीतला शेजारी