ईसीजीवर मशीननं छापलेलं 'नॉर्मल'

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

छातीत दुखलं की जवळच्या लॅबमध्ये कार्डिओग्राम, म्हणजे ईसीजी, काढायचा, वर मशीननंच छापलेलं 'नॉर्मल' वाचायचं आणि गॅसेस असतील म्हणत घरी येऊन पडायचं, हे आमच्याकडे सर्रास चाललंय आणि मला त्याची खरंच भीती वाटते. हार्ट अटॅक सुरू असतानाही पहिला ईसीजी साफ येऊ शकतो हो, म्हणून तर दुखणं थांबलं नाही तर 15 ते 30 मिनिटांनी परत काढतात, ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करतात. बऱ्याच मशीनवर तर त्या ओळीजवळच बारीक इंग्रजीत छापलेलं असतं की हे डॉक्टरांनी तपासलेलं नाही, पण ते वाचतंय कोण?

उलटंही होतं. माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे, हात सारखा थरथरतो. मागे एका हॉस्पिटलात मॉनिटरवर अशा काही लाटा उठल्या की ड्यूटीवरचे डॉक्टर व्हीटी (हृदयाचे जीवघेणे ठरू शकणारे वेगवान ठोके) आहे म्हणत शॉकच्या तयारीला लागले, आम्ही दाराशी देव पाण्यात घालून उभे, आणि वडील मात्र शुद्धीवर, पाणी मागतायत! एका सिनियर सिस्टरनी मनगट धरलं तर नाडी नियमित, मग त्यांनी तो थरथरता हात घट्ट धरून ठेवला आणि स्क्रीनवर ठोके नीट दिसायला लागले. त्या माउलीचे उपकार विसरणार नाही.

वायरींचंही तेच. दोन्ही हातांचे चिमटे अदलाबदल झाले तर पट्टीवर 'लीड 1' नावाची रेघ उलटी येते. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधे हवेत, ते घाईत वर लागले तर कधी न आलेला जुना अटॅक दिसू शकतो. बायकांच्या वेळी तर संकोचापायी जमेल तिथं चिकटवतात.

जुना ईसीजी जवळ असला की नवीन काय बदललंय ते डॉक्टरांना कळतं, पण तो कागद थर्मल, अक्षरं उडतात, तेव्हा झेरॉक्स काढून ठेवा. आणि आरोग्य खात्याला विनंती, डॉक्टरनी वाचून सही केल्याशिवाय कुठल्याही लॅबनं ईसीजी पेशंटच्या हातात देऊ नये असा नियम करा आणि तो पाळला जातोय का हेही बघा.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली