छातीला लागलेल्या मातीबद्दल : वस्तादांना आभाराचे पत्र

आदरणीय वस्ताद,
सा. न. वि. वि.

आपले नाव कोठेही येऊ नये, अशी आपली सक्त ताकीद असल्यामुळे हे पत्र नुसत्या ‘वस्ताद’ या संबोधनावर भागवतो आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, गेल्या वर्षभरात बँकेच्या शाखेतले सहकारी, गल्लीतले शेजारी आणि लग्नकार्यात भेटणारे भाऊबंद माझ्या अंगातला फरक पाहून मला एकच प्रश्न विचारत आहेत : ‘वजने उचललीस की बिनवजनाचा व्यायाम केलास?’ त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि जे काही उत्तर आहे ते माझ्या कमाईचे नाही. बँकेतला माणूस असल्यामुळे ज्याची रक्कम त्याच्या खात्यावर जमा झालेली मला बरी वाटते.

२०२२ च्या पावसाळ्यात मी प्रथम कोल्हापुरात गंगावेशीकडच्या आपल्या तालमीच्या दारात उभा राहिलो, तेव्हा माझे वय एक्केचाळीस होते आणि कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा होता. त्याआधी जेमतेम महिनाभर मी एका जिममध्ये गेलो होतो. तेथील प्रशिक्षकाने माझी पाठ सरळ राहते की नाही हे न पाहताच ऐंशी किलोचा बार जमिनीवरून उचलायला सांगितला, आणि शेजारचा विशीतला मुलगा आपल्याकडे पाहतो आहे एवढ्या एका कारणासाठी मी तो उचललाही. पुढचे चार दिवस अंथरुणातून उठताना मला भिंत धरावी लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, गंभीर इजा नाही, हालचाल थांबवू नका, मात्र बेताने वाढवा. मी त्यातून सोयीचा अर्थ काढला : लोखंड वाईट, माती चांगली. ही नवी श्रद्धा घेऊन मी आपल्याकडे आलो आणि ‘आता आयुष्यात वजनाला हात लावणार नाही’ असे मोठ्या अभिमानाने सांगितले. आपण त्यावर नुसते ‘बरं’ म्हणालात आणि जोर काढून दाखवायला सांगितलेत.

मी अकरा जोर काढले. आपण मोजले शून्य. माझी बनियन पांढरीशुभ्र होती, हेच आपले कारण होते. ‘छातीला माती न्हाई, तर जोर न्हाई,’ असे म्हणून आपण मला हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, गुडघाभर उंचीच्या कट्ट्यावर हात टेकायला लावलेत, कट्ट्याच्या कडेला हौद्यातली चिमूटभर लाल माती ठेवलीत आणि पुन्हा मोजायला बसलात. तेथे सात निघाले. त्या सात जोरांची बनियनवर उमटलेली तांबडी रेघ घरी कोणत्याही साबणाने गेली नाही, कारण हौद्याच्या मातीत तेल, ताक आणि हळद मुरलेली असते. ती बनियन अजूनही माझ्याकडे आहे.

कट्ट्यावरून पायरीवर आणि पायरीवरून जमिनीवर यायला मला साडेतीन महिने लागले. हात जितके खाली, तितका शरीराचा भार हातांवर अधिक, हे आपण बोटाने दाखवून दिलेत. आकडा मी नंतर शोधला. जमिनीवर साधा जोर काढताना शरीराच्या वजनाचा साधारण ६५ टक्के भार तळहातांवर येतो. माझे वजन तेव्हा ७६ किलो होते, म्हणजे प्रत्येक जोराला मी सुमारे पन्नास किलो ढकलत होतो. ज्या वजनापासून पळून मी तालमीत आलो होतो, तेच आपण मला न सांगता माझ्या हातावर ठेवले होते! स्नायूंना लोखंड आणि माती यांतला फरक कळत नाही, त्यांना ताण कळतो. हलका भार असला तरी, आणखी दोन-तीनच निघतील अशा टप्प्यापर्यंत नेला, तर स्नायू जड वजनाइतकेच भरतात, असे गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे. आपण हे ‘शेवटचे दोन खरे, बाकीचे हिशोबाला’ एवढ्या शब्दांत सांगत होता.

पहिला महिनाभर आरशात पाहायचे नाही, हा आपला दंडक मला तेव्हा विक्षिप्त वाटला होता. सातांचे पंधरा जोर झाले तरी दंड होते तसेच राहिले, म्हणून मी कुरकुरलो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची शिकवणी असते, आहेत ते स्नायू एकवटून वापरायला ती शिकते, आणि डोळ्यांना दिसेल असा फरक पडायला दोन-तीन महिने जातात, हे मला पुढे वाचून समजले. माझ्या कुरकुरीवर आपण काही न बोलता भिंतीवरच्या मारुतीशेजारच्या खाशाबा जाधवांच्या तसबिरीकडे बोट केलेत. १९५२ साली हेलसिंकीत भारताला कुस्तीचे कांस्यपदक मिळवून देणारा तो मल्ल ५७ किलोपर्यंतच्या गटात लढला होता. अंगाने दांडगे दिसणे आणि अंगात रग असणे या दोन गोष्टींची मी गल्लत करतो आहे, हे त्या एका बोटाने मला कळले.

खाण्याबद्दलचे आपले बोलणे मात्र मला थोडे झोंबले होते. कोल्हापूरकर असल्याच्या तोऱ्यात मी सांगितले की, आमच्या घरी दर रविवारी पांढरा रस्सा असतो. आपण विचारलेत, ‘आणि मटणाचे तुकडे कोण खातं?’ खरे तर ते मुलांच्या ताटात जात असत. मी पाच वाट्या रस्सा ओरपून पैलवान झाल्याच्या समाधानात होतो. आपण मला अर्धा लिटर दूध, दोन अंडी, मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे आणि दोन्ही वेळा पातळ वरणाऐवजी घट्ट उसळ असा साधा क्रम लावून दिलात. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात, असे धरले जाते. माझ्या हिशोबाने ती १२० ग्रॅमच्या आसपास भरतात आणि एवढ्यावर ती पूर्ण होत नाहीत, म्हणून मी दुपारच्या डब्यात पनीर किंवा सोयाबीनच्या वड्या नेतो. (उपवासाच्या दिवशी प्रथिनांची तयार पावडरही घेतो, हे आज कबूल करून टाकतो.) दूधकट्ट्यावर जाऊन दोन लिटर धारोष्ण दूध पिण्याचा माझा बेत आपण वेळीच मोडलात. हजारांनी बैठका काढणाऱ्याचा खुराक दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने घेतला, तर त्याच्या पोटावरच चढणार. कमरेचा घेर कमी झाला तो ताटामुळे, बैठकांमुळे नव्हे, हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले, तिच्याकडे येतो. वर्ष संपता संपता माझे एका दमात चाळीस जोर आणि शंभर बैठका होऊ लागल्या होत्या, दोरही अर्ध्यापर्यंत चढता येत होता, आणि मी स्वतःवर खूश होतो. आपण नव्हता. ‘आता अंग नुसतं दमतंय, वाढत न्हाई,’ असे म्हणून आपण जोरांसाठी माझे पाय कट्ट्यावर ठेवायला लावलेत. दोर चढल्याने पाठ आणि दंड तयार होतील, पण मांडीची मागची बाजू आणि कंबर यांना बैठका पुऱ्या पडत नाहीत, तिथे वजनच हवे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. पुढचा महिनाभर माझ्या पाठीवर काठी धरून, ती डोके, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली ठेवून, कमरेतून वाकायला शिकवलेत. त्यानंतर एके सकाळी आपण म्हणालात, ‘साहेब, आता लोखंडाकडं जावा.’

मला ते तेव्हा हाकलून दिल्यासारखे वाटले. वस्तादाने शिष्याला दुसऱ्याच्या दारात धाडावे, हे कोठे ऐकले नव्हते. आपला मार्गच श्रेष्ठ असे शिकवणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे आभार मानणे सोपे असते. मी दुसऱ्या एका जिममध्ये गेलो, वीस किलोच्या मोकळ्या बारपासून सुरुवात केली आणि दर पंधरवड्याला अडीच-पाच किलो वाढवत गेलो. गेल्या दिवाळीच्या आधी मी ऐंशी किलोचा बार पाच वेळा उचलला, काठीने शिकवलेल्या पाठीने. शेजारी कोण पाहत होते, ते मला आठवत नाही.

सध्या आठवड्यातले दोन दिवस लोखंडाचे आणि दोन दिवस आपल्या हौद्याचे, असा माझा क्रम आहे. वजन ७१ किलोवर स्थिरावले आहे आणि कमरेचा पट्टा कपाटात आहे.

तालमीतल्या दोराचे मधले पीळ उसवू लागले आहेत, हे मागच्या बुधवारी माझ्या लक्षात आले. नवा, दीड इंच जाडीचा सुती दोर आणून ठेवला आहे. रविवारी माती उकरायला येईन तेव्हा तो घेऊन येतो; आढ्याला बांधायचे काम पोरांनी करावे, आपण शिडीवर चढू नये, ही विनंती.

आपला,
कट्ट्यावरचा सात जोरवाला