शनिवारी न्यायला येतेय

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

शनिवारी गाडी घेऊन येतेय आणि तुम्हा दोघांना पुण्याला आणतेय. फोनवर बोलले असते तर बाबांनी लगेच सोसायटीची मीटिंग काढली असती, म्हणून पत्र. आईच्या तपासण्यांची वेळ घेऊनही झाली.

बाबा, ज्याच्या भरवशावर तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद केलीत, तो तुमचा फॉरवर्ड वाचला. जास्त कोलेस्टेरॉलवाले म्हातारे जास्त जगतात, ही अगदीच थाप नाही. हॉलंडमधल्या लायडन शहरात ८५च्या पुढच्या ७२४ जणांचा अभ्यास झाला होता, १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात तसंच दिसलं. कॅन्सर आणि जंतुसंसर्गाने जाणारे त्यांच्यात कमी होते. पण माणूस आतून खंगत असला, जेवण तुटलं, की कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. तेव्हा कमी आकड्याने माणूस गेला की आजाराने आकडा खाली आणला, हे नुसतं बघून सांगता येत नाही. शिवाय तुमच्यासारख्या, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) घातलेल्याने गोळी सोडावी, असं त्यात कुठेच नाही. २००२च्या 'प्रॉस्पर' चाचणीत ७० ते ८२ वयाचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले ५,८०४ लोक होते. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी तुमचीच ती गोळी, घेणाऱ्यांना हार्ट अटॅक कमी आले. तीनेक वर्षांत एकूण मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, हेही सांगते, नाहीतर तुम्ही शोधून काढालच. मला अटॅक टळला तरी पुष्कळ आहे.

गोळीने पोटऱ्या दुखतात ना? मग डॉक्टरांना सांगू. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. परस्पर बंद करायची नाही.

खरी काळजी मला आईची आहे. गोळी न घेता कोलेस्टेरॉल २१२चं १४८ झालं म्हणून तुम्ही दोघं खूश. अगं आई, गणपतीत ताट वाढताना तुझी पाटली कोपरापर्यंत घसरत होती! वजन आणि कोलेस्टेरॉल असे बरोबरीने उतरले की डॉक्टर थायरॉइड बघतात, लिव्हर बघतात. बहुतेक साधंच काही निघेल. दात दुखतो म्हणून तू नुसत्या पेजेवर राहतेस, तेही असेल. पण बघून घेऊ.

इथे तुमची खोली तळमजल्यावरच्या बाथरूमला लागून आहे, कमोडला दांडा बसवून घेतलाय. बाबांना सकाळी पेपर मिळेल, आईला मऊ भात. आणि तूप वाढीन, चांगलं चमचाभर. माझ्या तापात तू मेतकूट-भात भरवायचीस ना, तसा भरवीन, लाजू नकोस.

बाबा, आज रात्रीपासून गोळी सुरू करायला हरकत नाही ना, एवढं डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. जुने रिपोर्ट कपाटातल्या निळ्या पिशवीत आहेत, अँजिओप्लास्टीची फाइलसुद्धा घ्या. आईने सोमवारी सकाळी रक्त देईपर्यंत चहा घ्यायचा नाही, तिच्यावर लक्ष ठेवा. मांजराचं शेजारच्या काकूंशी बोलून झालंय, तेव्हा तीही सबब नको.

तुमची,
बेबी