आता आई-बाबाही 'जवळचे'

सिडनी, ६ नोव्हेंबर २०२१

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "व्हिसा आहे ना हाती, मग अडतं कुठे?" आवाज तुटत होता, सई रडत होती, धड सांगता आलं नाही. म्हणून लिहितेय.

व्हिसा ही एरवीची परवानगी. २० मार्च २०२० पासून इथल्या सरकारने त्यावर आणखी एक कुलूप घातलं. नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचं जवळचं कुटुंब, एवढ्यांनाच आत सोडायचं. त्या जवळच्या कुटुंबात नवरा-बायको होते, लेकरं होती. मोठ्या झालेल्या मुलांचे आई-बाप नव्हते. दीड वर्ष मी ती एक ओळ पुन्हा पुन्हा वाचलीय. सईच्या वेळी आई तिकडे डिंकाचे लाडू वळून बसली होती, आणि नियमाच्या लेखी ती माझी कोणीच नव्हती. साथ आवरायला दारं लावली, ते मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. ती ओळ मात्र कधीच पटली नाही.

ती ओळ आता बदलली. १ नोव्हेंबरपासून तुम्ही दोघं माझं जवळचं कुटुंब आहात. पण हे आपोआप होत नाही. ऑनलाइन अर्ज करून सूट मागायची आणि नातं कागदाने दाखवायचं. त्यासाठी माझा जन्मदाखला लागेल. महानगरपालिकेचा तो जुना दाखला मराठीत आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. त्यात आईचं नुसतं पहिलं नाव आहे आणि पासपोर्टवर पूर्ण, म्हणून तुमच्या लग्नाचा दाखलाही जोडू. या अर्जाला फी नाही. सीताबर्डीत कोणी एजंट "मी करून देतो" म्हणाला तर एक रुपयाही देऊ नका. अर्ज मीच भरणार आहे.

लशीचं सांगते. आईच्या कोविशील्डला इथे १ ऑक्टोबरला मान्यता मिळाली. मला घोर होता तो बाबांच्या कोव्हॅक्सिनचा. तिलाही गेल्या सोमवारी मिळाली. ती बातमी वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. आता सिडनीत उतरून सरळ घरी यायचं. याआधी चौदा दिवस हॉटेलच्या खोलीत काढावे लागायचे, तेही एका माणसाचे ३,००० डॉलर भरून. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं असतं तिथे!

कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडून परदेश प्रवासाचं प्रमाणपत्र काढा. बाबा, आधारवर तुमचं आडनाव आधी आहे. प्रमाणपत्रावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. विमानतळावर काउंटरवरचा माणूस हेच आधी बघतो, आणि त्याला शंका आली तर बोर्डिंग पासच मिळत नाही. आरटी-पीसीआर सुटण्याच्या वेळेआधीच्या ७२ तासांतली हवी. ते तास नमुना दिल्यापासून मोजतात, रिपोर्ट आल्यापासून नव्हे. मधे तिसऱ्या देशात विमान बदललं की त्या देशाचेही नियम लागू होतात, म्हणून मी दिल्लीहून थेट तिकीट बघतेय.

आणि आई, आंबिया बहाराची संत्री बाजारात आली असतील, तरी एकही आणू नकोस. ताजं फळ इथे आत येऊ देत नाहीत, साथ नव्हती तेव्हाही देत नव्हते. लाडू-लोणच्याचं काय चालतं ते बघून कळवते. जे आणशील ते विमानातल्या फॉर्मवर लिहायचंच.

जन्मदाखला बहुतेक बँकेच्या लॉकरमध्ये, आईच्या पाटल्यांच्या डब्याखाली आहे. सोमवारी बँक उघडली की बाबांनी जाऊन काढावा आणि दोन्ही बाजूंचे फोटो पाठवावेत. मी त्याच रात्री अर्ज भरते.

तुमची,
मनू