खाजकुइली आणि नानांची गोळी

पुणे,
१४ जानेवारी

प्रिय सुध्या,

तुझं पत्र परवा आलं. नानांच्या हातात कपबशी वाजते हे वाचलं आणि पत्र तसंच घडी करून ठेवून दिलं. आपल्या दोघांच्या पाठी त्याच हाताने किती वेळा मऊ केल्यात! कंपवात हा शब्द मी दिवसातून पन्नासदा उच्चारतो, पण तो नानांच्या नावापुढे वाचायची सवय नव्हती.

गोळीबरोबर वैद्यबुवांचं चूर्णही द्यावं का, असं तू विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो, गप्पा मग. डॉक्टरांची गोळी चालू ठेव. वैद्यबुवांच्या चूर्णाचा डबा तूर्त फळीवर राहू दे. डब्यात काही वाईट आहे म्हणून नव्हे. गोळीत जे आहे तेच डब्यातही आहे म्हणून.

डब्यावर ‘कवचबीज’ लिहिलंय ना? अरे, ती आपली खाजकुइली! सहावीत तू मास्तरांच्या खुर्चीवर तिची कुसं पसरायला गेलास, वारा उलटा फिरला आणि सगळी आपल्याच बाकावर. तुझ्या आईने अंगणात उभं करून दोघांना शेण चोळलं होतं. त्या शेंगेतली बी म्हणजे कवचबीज.

मी गेली तीन वर्षं प्रयोगशाळेत या बियांपाशीच बसलोय. काळी, तुकतुकीत, दगडासारखी टणक. दळून तिच्यातला एल-डोपा, म्हणजे नानांच्या गोळीतलं तेच औषध (आम्ही नुसतं डोपा म्हणतो), पाण्यात उतरवायचा, मग एचपीएलसीवर, म्हणजे मिसळीतले घटक सुटे करून दाखवणाऱ्या यंत्रावर, मोजायचा. ऐकायला सोपं. पहिल्याच महिन्यात मी पाण्यात आम्ल घालायला विसरलो आणि जेवायला गेलो. परत येतो तर चंचुपात्रात काळपट पाणी. डोपाला हवा लागली की तो काळा पडत जातो, आपल्या केसांचा काळा रंगही त्याच वाटेने होतो. आठवड्याचं काम मोरीत गेलं. आमच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, “शाई चांगली झालीय, वही पूर्ण करा.”

सुक्या बीत साधारण ४ ते ६ टक्के एल-डोपा असतो, पण झाड कुठलं, बी किती जुनी, चूर्ण कसं ठेवलं, यावर आकडा हलतो. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम. नानांच्या गोळीच्या पाकिटावर बघ, बहुधा डोपा १०० मिलिग्रॅम लिहिलं असेल, आणि सोबत कार्बिडोपा. खरी मेख त्या कार्बिडोपात आहे. मेंदूला हवं असतं डोपामीन, हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. मात्र वाटेत, आतड्यात आणि रक्तातच त्याचं बरंचसं डोपामीन होऊन जातं. मग मळमळ होते आणि मेंदूपर्यंत थोडाच पोचतो. कार्बिडोपा ही वाटमारी थांबवतो. आता गोळीबरोबर चूर्ण दिलंस तर तो चूर्णातल्या डोपालाही वाचवणार. वैद्यबुवांनी कार्बिडोपा धरून मात्रा ठरवलेली नाही, डॉक्टरांनी चूर्ण धरून ठरवलेली नाही. मधल्या मध्ये नानांना उलट्या होतील, उठताना चक्कर येईल, नाहीतर हातपाय आपोआप वळवळू लागतील.

वैद्यबुवांना खोटं पाडू नकोस हं. लंडनमध्ये ८ रुग्णांवर हे चूर्ण गोळीशी ताडून पाहिलं होतं, २००४ साली छापून आलं. चूर्णाचा गुण ३५ मिनिटांत दिसला, गोळीला ६८ लागली. पण ते एका वेळी ३० ग्रॅम होतं, आणि डॉक्टर शेजारी घड्याळ लावून बसले होते.

गंमत बघ. या बीतून एल-डोपा सुटा केला तो मद्रासला, दामोदरन आणि रामस्वामींनी, १९३७ साली. तो कंपवाताला चालेल असं तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते कळायला दुसरी आपलीच वनस्पती लागली, सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती रक्तदाबावर चालते हे १९४९ मध्ये ब्रिटिश मासिकात मांडलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कंपनीने १९५२ मध्ये तिच्यातून रक्तदाब उतरवणारं द्रव्य, रेसर्पिन, काढलं. आणि १९५७ मध्ये स्वीडनमध्ये कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून, लुळे होऊन बसले. मग डोपा टोचला, तर ते उठून हिंडायला लागले! रेसर्पिनने मेंदूतलं डोपामीन रिकामं झालं होतं, डोपाने ते भरून काढलं. कार्लसनना नोबेल मिळालं, पण २००० साली.

आमच्याकडे ससे नाहीत, पांढरे उंदीर आहेत. नीतिसमितीची परवानगी मिळेपर्यंत चार महिने गेले, आणि ते बरंच आहे. मेंदूच्या एकाच बाजूच्या डोपामीनच्या पेशी मारलेल्या असतात. डोपा दिला की उंदीर दुसऱ्या बाजूला गोल फिरायला लागतो. मी वहीत पाच-पाचच्या काठ्या मारत बसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोजायचंच विसरलो. आदल्या दिवशी कोपरा धरून बसलेला प्राणी शेपटी ओढत भिंगरीसारखा फिरत होता. संध्याकाळी डबा खाववला नाही. हे मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही.

आता तुझं काम. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायची. वरण, दूध, अंडं यांच्याबरोबर नको, आतड्यात प्रथिनं आणि डोपा एकाच दारातून आत शिरायला भांडतात. गोळी किती वाजता घेतली आणि हात कितीला मोकळा झाला, ते आठवडाभर वहीत लिही आणि ती वही डॉक्टरांना दाखव. चूर्णाचा डबाही घेऊन जा, लपवू नकोस. मनाने गोळी बंद तर मुळीच करायची नाही.

आणि हो, कुंपणावर शेंगा वाळल्या असतील. अर्धा किलो बी पाठव, काढल्याची तारीख लिहून. कुसं आधी जाळून टाक. मागच्या वेळी पार्सल उघडलं आणि आमचं अख्खं खातं दोन दिवस खाजवत होतं. शहरात शेण कुठून आणू?

काकूंना नमस्कार. नानांना सांग, होळीला येतोय, पाठ तयार ठेवून.

तुझा,
बंड्या