लॉट क्र. २१४: विकून गेलेल्या शिवराईचा लिलाव

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन लिलाव विभाग

विषय: विक्रेत्याकडे नसलेल्या नाण्यावर बोली चालू ठेवणे, पैशांचा पूर्ण परतावा नाकारणे आणि न झालेल्या विक्रीची नोंद संकेतस्थळावर तशीच ठेवणे याबाबत लेखी तक्रार

महोदय,

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे आपल्या ग्राहक सेवा कक्षाचे उत्तर माझ्याकडे पुरेसे जमा झाले आहे. या पत्राला तेच उत्तर पाठवू नये, ही पहिली विनंती.

आपल्या गेल्या महिन्यातील नाण्यांच्या लिलावात लॉट क्र. २१४ म्हणून एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे जुने नाणे, होती. शिवराई म्हटली की कोणालाही वाटेल, त्यात काय एवढे, जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी शिवराया ढिगाने पडलेल्या असतात. खरे आहे. पण त्यातल्या बहुतेकांवर मजकूर अर्धाच असतो. नाण्याची चकती ठशापेक्षा लहान, त्यात हातोडा जरा इकडेतिकडे बसला की 'श्री राजा शिव' मधला 'श्री' तरी जातो नाहीतर 'शिव' तरी. २१४ वर पुढच्या बाजूच्या तिन्ही ओळी आणि मागचे 'छत्रपति' पूर्ण होते, बिंदूंची कडा पाऊण वर्तुळ दिसत होती, वजन ११.८ ग्रॅम दिले होते. 'राजा'च्या वर काठाला एक बारीक टवका आणि मागच्या बाजूला 'प'च्या पोटात हिरव्या गंजाचा ठिपका. हे मी छायाचित्र मोठे करकरून पाहिलेले आहे, म्हणून इतके सांगतो. पुढे याच टवक्याचा उपयोग झाला.

लिलाव बुधवारी रात्री ९ वाजता संपला. ६,२०० रुपयांवर नाणे माझ्या नावावर पडले. त्यावर १२ टक्के बायर्स प्रीमियम (लिलाव कंपनी खरेदीदाराकडून घेते ते शुल्क) ७४४, प्रीमियमवर जीएसटी १३४, टपालखर्च १५० असे एकूण ७,२२८ रुपये मी त्याच रात्री यूपीआयने भरले. बिल आले, 'अभिनंदन, आपण जिंकलात' असा मेलही आला. पुढच्या आठवड्यात नाण्याऐवजी एक ओळ आली: "विक्रेत्याकडे वस्तू उपलब्ध नसल्याने आपली ऑर्डर रद्द करण्यात आली आहे."

नाणे गेले कुठे, हे विचारल्यावर आपल्याकडून मिळालेली उत्तरे मी येथे नोंदवून ठेवतो, कारण ती एकमेकांशी जुळत नाहीत. चॅटवर सांगितले गेले की विक्रेत्याकडून ते गहाळ झाले. फोनवरच्या बाईंनी सांगितले की ते "ओव्हरसीज कस्टमर"ला गेले. हे दुसरे उत्तर देताना त्यांना आपण काय बोलतो आहोत याची कल्पना नसावी. शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेषात मोडते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवरायांच्या नावाचे नाणे परदेशी पाठवले, असे लिलाव कंपनीच्या अधिकृत क्रमांकावरून कोणी सहज सांगत असेल, तर निदान आपल्या माणसांना काय बोलू नये एवढे तरी शिकवा.

नाणे परदेशी गेले नव्हते आणि हरवलेही नव्हते. ते पुण्यातच आहे. नाणेसंग्राहकांच्या एका बैठकीत माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी नवी खरेदी म्हणून जी शिवराई टेबलावर ठेवली, तिच्या 'राजा'च्या वर टवका आणि 'प'च्या पोटात हिरवा ठिपका होता. हाताने पाडलेली दोन नाणी सारखी नसतात. त्यांच्याकडच्या चिठ्ठीवर तारीख होती लिलाव संपला त्याच्या आधीच्या शुक्रवारची. एका प्रदर्शनात, विक्रेत्याच्या टेबलावरून, रोखीने घेतलेली.

मी विक्रेत्याला गाठले. दोन्हीकडे एकच नाणे मांडून ठेवायचा अधिकार त्याला नव्हता आणि त्याबद्दल त्याला जे बोलायचे ते मी बोललो आहे. पण त्याने त्याच शुक्रवारी संध्याकाळी आपल्याला मेल पाठवला होता: २१४ विकले गेले आहे, लॉट काढून टाका. तो मेल आणि त्याला शनिवारी आलेले आपले उत्तर त्याने मला दाखवले व त्यांची प्रतही दिली. आपले उत्तर असे आहे: "लॉटवर बोली आलेली असल्याने तो आता मागे घेता येणार नाही. लिलाव संपल्यावर आवश्यक ती कार्यवाही केली जाईल."

माझी तक्रार खरे तर या दोन वाक्यांबद्दल आहे. विक्रेता चुकला, हे कोणत्याही धंद्यात होऊ शकते. आपल्याला मात्र शनिवारी लेखी ठाऊक होते की २१४ क्रमांकाच्या मागे आता नाणेच नाही, आणि तरीही बुधवारी रात्रीपर्यंत आपण त्यावर बोली घेत राहिलात. शुक्रवारी संध्याकाळी बोली २,१०० वर होती. तिथून ६,२०० पर्यंतचा सगळा चढ आपल्याला वस्तू नाही हे कळल्यानंतरचा किंवा कळत असतानाचा आहे. या काळात आपल्याकडून माझ्या मोबाइलवर येणारे संदेश थांबले नव्हते. "आपल्यावर कोणीतरी बोली चढवली आहे!" "शेवटचा एक तास! २१४ हातचे जाऊ देऊ नका." जे विक्रेत्याच्या हातून आधीच गेले होते, ते हातचे जाऊ देऊ नका म्हणून आपण मला सांगत होता.

बोली आलेला लॉट मागे घेता येत नाही, असे कोणी ठरवले? सभागृहात होणाऱ्या लिलावात ऐनवेळी नाण्यात खोट निघाली, मालकीचा वाद निघाला, तर मंचावरून सांगतात, "हा लॉट मागे घेतला आहे," आणि पुढचा क्रमांक पुकारतात. कोणी रागावत नाही. संगणकावर तर ते अधिक सोपे आहे. लॉटवर 'मागे घेतला' असा शिक्का टाकायचा, खाली कारण लिहायचे, सगळ्या बोली रद्द करायच्या आणि ज्यांनी ज्यांनी बोली लावली त्यांना मेल करायचा. पान उडवून टाकायचे नाही, कारण मग काय झाले हे कोणालाच कळत नाही. शनिवारी सकाळी एवढे केले असते, तर मी त्या आठवड्यात दुसऱ्या एका लिलावात आलेली तशीच पूर्ण मजकुराची शिवराई सोडली नसती. दोन्हींवर एकदम बोली लावण्याइतका माझा खिसा मोठा नाही. निवृत्त माणसाचा महिना ठरलेला असतो.

आपल्या अटींमध्ये लिहिले आहे की टायमर संपला की विक्री पूर्ण होते आणि ती बोलीदारावर बंधनकारक असते. पैसे न भरल्यास खाते बंद व दंड. वस्तू विक्री अधिनियम, १९३० मधील कलम ६४ सुद्धा हेच म्हणते की हातोडा पडला की विक्री पूर्ण. हातोडा फक्त माझ्यावरच पडतो का? आपल्या बाजूने पूर्ण झालेली विक्री एका ओळीत 'रद्द', आणि वर परताव्यात काटछाट.

परताव्याचे सांगतो. ७,२२८ पैकी ६,३५० रुपये आले, तेही बँकेत नाही, आपल्या 'वॉलेट'मध्ये, सहा महिन्यांत वापरण्याच्या अटीवर. प्रीमियम आणि त्यावरचा जीएसटी असे ८७८ रुपये 'सेवा दिली गेली असल्याने' परत मिळणार नाहीत. कोणती सेवा? नाणे नव्हते, पाकीट नव्हते, टपाल नव्हते. ऑर्डर मी रद्द केलेली नाही, आपण केली आहे. माझे पैसे माझ्या खात्यातून गेले, ते माझ्या खात्यातच यायला हवेत.

ऑर्डर रद्द केल्याच्या मेलच्या तळाशी "आपल्यासाठी अशीच एक शिवराई" म्हणून ९,५०० रुपयांची दुदांडी दाखवली होती. दुदांडी उत्तरकालीन, पेशवाईतली. दोन आडव्या दांड्यांवरून नाव पडलेली. नाण्यांचा लिलाव करणाऱ्यांनी तिला 'अशीच' म्हणावे, याचे वाईट वाटले. पण प्रश्न माझ्या वाईट वाटण्याचा नाही. एक वस्तू दाखवून पैसे घ्यायचे, ती नाही म्हणायचे आणि त्याहून महाग दुसरी पुढे करायची, याला केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (संकेतस्थळावर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव आहे आणि ते मनाई केलेल्या प्रकारांच्या यादीत आहे. खोटी घाई लावणेही त्याच यादीत आहे.

आता ज्या गोष्टीचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास होतो ती. आपल्या 'मागील लिलाव' या पानावर २१४ आजही 'विक्री झाली, ₹६,२००' असे दिसते. आमच्या छंदात ठरलेला भाव नसतो. मागच्या लिलावात काय भाव पडला, हेच पाहून लोक खरेदी-विक्री करतात. कॉलेजातली मुले आता शिवराया गोळा करू लागली आहेत, फार चांगली गोष्ट आहे. त्यांच्यापैकी कोणी उद्या हे पान पाहून पूर्ण मजकुराच्या शिवराईला सहा हजार मोजेल, आणि विकणाराही आपले पान दाखवूनच मागेल. प्रत्यक्षात हे नाणे त्या चिठ्ठीप्रमाणे १,८०० रुपयांना गेले. ६,२०० ला ते कोणीही, कधीही विकत घेतलेले नाही. मी सुद्धा नाही.

यावरूनच आणखी एक प्रश्न निघतो आणि तो मी आरोप म्हणून नाही, विचारणा म्हणून करतो. शुक्रवारनंतर माझ्याविरुद्ध बोली चढवणारा कोण होता? नाव नको, बोलीदार क्रमांक, वेळ आणि रक्कम असा पूर्ण तपशील द्या. विक्रेता म्हणतो त्याने बोली लावलेली नाही. लिलावात खोट्या बोलीने भाव चढवला असेल तर खरेदीदार विक्री अमान्य करू शकतो, हेही कलम ६४ मध्येच आहे. खरा बोलीदार असेल तर चांगलेच. मग फसलेले आम्ही दोघे आहोत आणि त्यालाही हे कळायला हवे.

माझी मागणी अशी. राहिलेले ८७८ रुपये आणि वॉलेटमधले ६,३५०, दोन्ही मूळ बँक खात्यात जमा करा. २१४ ची 'विक्री झाली' ही नोंद बदलून तेथे 'लॉट मागे घेतला, विक्री झालेली नाही' असे लिहा. पान पुसू नका. त्या लॉटवर बोली लावलेल्या प्रत्येकाला तसे कळवा. बोलीचा तपशील मला पाठवा. आणि विक्रेत्याने वस्तू उपलब्ध नाही असे कळवल्यापासून किती वेळात लॉट थांबवला जाईल, हे आपल्या अटींमध्ये लिहा. सध्या त्यात बोलीदाराची कर्तव्ये पानभर आहेत, आपले यातले एकही नाही. नाणे मी मागत नाही. ते ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते सरळ मार्गाने घेतले आहे आणि ते गृहस्थ ते नीट सांभाळतील.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आपल्यावर बंधनकारक आहे. पोचेमध्ये तक्रार क्रमांक व आपले नाव असावे, 'टीम सपोर्ट' नको. महिना उलटल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क नाही आणि ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, तेव्हा आपल्या अटींमधले 'सर्व वाद अमुक शहरातील न्यायालयात' हे वाक्य मला अडवणार नाही.

कळावे,

आपला,
बोलीदार (लॉट क्र. २१४)
पुणे

सोबत: बिल व यूपीआय पावतीची प्रत, रद्द केल्याचा मेल, विक्रेत्याचा शुक्रवारचा मेल व आपले शनिवारचे उत्तर, आपल्याकडून आलेल्या संदेशांची छायाचित्रे, खरेदीच्या चिठ्ठीची प्रत (घेणाऱ्याचे नाव झाकून), 'मागील लिलाव' पानाचे आजचे छायाचित्र.